ऑरोरा थिएटरात बसण्याविषयी

सिनेमागृह चालायला चार गोष्टी लागतात: छप्पर, पडदा, पॉपकॉर्न आणि समिती. प्रेक्षकही लागतात असा एक जुना समज आहे. तो आमच्या लिंडहोम गावाने खोटा ठरवला, आणि त्या कामाला सुरुवात झाली ती माझ्या धाकट्या बहिणीने, इर्माने, तिसरं लग्न केलं त्या वर्षी. म्हणजे १९८६ साली. (पहिलं लग्न केलं त्या वर्षी गारपिटीने गहू झोपला होता, दुसऱ्याच्या वर्षी धान्याचं कोठार जळालं. आमच्या घरात कॅलेंडर फक्त चित्रासाठी लावतात.)

पण इतिहास मुळापासून सांगावा, म्हणजे कोणाला राग आला तरी क्रमाने येतो.

ऑरोरा थिएटर बांधलं गेलं ते खुर्च्यांमुळे. १९२४ साली हाल्वर नायगार्ड या शेती-अवजारांच्या व्यापाऱ्याने आमच्या लुथरन चर्चसाठी शिकागोहून बाकं मागवली. आल्या त्या एकशे साठ लाल मखमली खुर्च्या, बूड उचललं की बैठक मिटणाऱ्या. परत पाठवायच्या तर पाठवणाऱ्याला त्याची चूक सांगावी लागली असती, आणि उत्तर डकोटात आम्ही तसं करत नाही. हाल्वरने उलट आभाराचं पत्र लिहिलं आणि खुर्च्या चर्चमध्ये मांडल्या. प्रार्थनेला मंडळी उभी राहिली की एकशे साठ बैठका एकदम फाडकन मिटत. पाद्री पहिल्या महायुद्धावरून आलेले. ते दर वेळी वेदीमागे आडवे होत. तिसऱ्या रविवारी ते उठेनात, तेव्हा खुर्च्या बाहेर आणल्या. उघड्यावर भिजतील म्हणून हाल्वरने त्यांच्याभोवती भिंती बांधल्या. खुर्च्यांची तोंडं एकाच दिशेला होती, तिकडे बघण्यासारखं काहीतरी हवं, म्हणून पडदा लावला.

पुढची बासष्ट वर्षं लोक तिकीट काढून येत, बसत, सिनेमा पाहत आणि घरी जात. इतिहासाच्या दृष्टीने या काळात काहीही घडलं नाही.

मग इर्माचं लग्न आलं. चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. थिएटरचा त्या वेळचा मालक डेल्बर्ट शायब्ल माझ्या समोर बसला होता. ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची हॉटडिश दुसऱ्यांदा वाढून घेता घेता तो म्हणाला, "ऑगस्टमध्ये बंद करतोय मी."

"काय बंद करतोयस?"

"ऑरोरा. गेल्या रविवारी चार माणसं होती. एक झोपलेला होता, आणि एक मी."

तळघरात चमचे थांबले. कोणाला आपलं पहिलं चुंबन आठवलं, कोणाला वडिलांचा ओला कोट. माझ्या नव्या मेहुण्याला तर रडूच कोसळलं, आणि तो गावात येऊन तीनच आठवडे झाले होते. दुसऱ्या दिवशी सभा भरली. थिएटर वाचवण्याच्या सभेला दोनशे एकाहत्तर माणसं हजर होती. त्यातल्या कोणी शेवटचा सिनेमा केव्हा पाहिला, असं कोणी कोणाला विचारलं नाही. आम्ही भिडस्त लोक आहोत.

पोस्ट सांभाळणाऱ्या लावोन हॉगरुडबाई अध्यक्ष झाल्या. गावानेच थिएटर चालवायचं ठरलं. पगारी माणूस एकही नाही, सगळे स्वयंसेवक. खेळ आठवड्यातून एक, रविवारी दुपारी दोन वाजता. पहिल्या रविवारी सहा स्वयंसेवक होते आणि एकशे अठरा प्रेक्षक. समितीच्या वहीत याची नोंद 'समाधानकारक' अशी आहे. पुढे जे झालं त्याची नोंद 'उत्तम' अशी आहे.

ते कसं झालं हे कळायला आमची एक रीत माहीत हवी. दुसरा माणूस काम करत असताना आमच्याकडे बसून राहता येत नाही. चर्चमध्ये जेवण झालं की सगळा गाव भांडी पुसायला उभा राहतो. रांग इतकी लांब, की शेवटच्या माणसाच्या हातात येणारी बशी आठ वेळा पुसलेली असते. तो ती नवव्यांदा पुसतो आणि मगच घरी जातो.

दुसऱ्या रविवारी सिनेमा सुरू झाला. लावोनबाई बाहेर पॉपकॉर्नच्या यंत्रापाशी एकट्याच होत्या. कपाळाला केस चिकटलेले. पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून पाहिलं आणि त्या उठल्या.

"एकटीच करतेयस होय गं?"

"चाललंय आपलं."

आमच्याकडे 'चाललंय' म्हणजे माणूस शेवटचे श्वास मोजतोय. दोघींनी बाह्या वर केल्या. दोघी उठल्या हे पाहून त्यांच्यामागचे चौघे उठले. ख्रिसमसपर्यंत एकाहत्तर प्रेक्षक राहिले आणि स्वयंसेवक झाले त्रेपन्न. लावोनबाईंनी वार्षिक सभेत सांगितलं की लोकांचा थिएटरमधला सहभाग जवळजवळ नऊपट झाला आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवून झाल्यावर आणखी दहा जणांनी नावं दिली.

हात वाढले तशी कामंही वाढवावी लागली. दाराच्या दोन फळ्यांना दोन माणसं. तिकिटापाशी चार: एक देणारा, एक फाडणारा, एक आभार मानणारा आणि एक या तिघांना काही हवं का ते पाहणारा. जागा दाखवायला बॅटरीवाले अकरा. कॉफीला सव्वीस. तान्ह्या मुलांची नावं बाप्तिस्म्याच्या दिवशीच नोंदवतात. त्यांच्याकडे 'शांतता' विभाग आहे. (निकाल मध्यम.)

माझ्याकडे अक्षरं आली. थिएटरच्या कपाळावर सिनेमाचं नाव लावायचं असतं, प्लास्टिकच्या लाल अक्षरांनी, शिडीवर चढून. मी कोठारावर पोती वाहणारा माणूस, शिडीची भीती नाही, म्हणून काम मला दिलं. मला वाचता येत नाही हे समितीला ठाऊक होतं, पण तसं तोंडावर म्हणायचं कसं. मी चिठ्ठीवरचा आकार बघून तसाच आकार पेटीतून शोधायचो. दोन महिने गावाने जे काही वर लागलं असेल ते निमूट पाहून घेतलं.

शेवटी व्हर्नाबाईंनी मला खाली बोलावलं. व्हर्ना टोलेफ्सरुड गावच्या शाळेतल्या बाई. लावोनबाईंपासून पाद्र्यापर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले, मी सोडून. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी दोन हिवाळ्यांतच शाळा सोडली होती.

"एमिल, वर काय लावलंयस ते वाच बघू."

"सिनेमाचं नाव आहे, बाई."

"कोणत्या?"

मी टोपी काढली.

त्या म्हणाल्या, "शनिवारी एक तास लवकर ये. पेटी घेऊन."

अशा रीतीने मी बावन्नाव्या वर्षी, सिनेमांच्या नावांत ज्या क्रमाने आली त्या क्रमाने अक्षरं शिकलो. 'क्यू' माझ्या वाट्याला तीन वर्षांनी आलं. या मजकुरात चुका असतील तर त्या माझ्या. बरोबर आहे ते बाईंचं.

आता बाई स्वतः स्वयंसेवक का नव्हत्या, असा प्रश्न येतो. त्या १९८५ साली शाळेच्या पायऱ्यांवर पडल्या होत्या आणि खुबा पुन्हा नीट बसला नाही. दहा मिनिटांवर उभं राहायचं नाही, अशी डॉक्टरची चिठ्ठी समितीच्या फायलीत आहे. नवरा ऑर्लिन त्यांचा हात धरून आणायचा, म्हणून त्यालाही सूट. दोघे सहाव्या रांगेत बसत. ऑर्लिनला उजव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून बाई त्याच्या डाव्या हाताला बसून सगळा सिनेमा त्याच्या कानात सांगत. "हा खोटं बोलतोय." "ती परत येणार बघ." "मी म्हटलं नव्हतं?" त्यांचं कुजबुजणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. 'शांतता' विभागाने दोनदा विषय काढला, पण आपल्या बाईंना गप्प बसा कोण म्हणणार.

१९९५ साली प्रेक्षक एकोणीस उरले. काही गुडघेदुखीवाले शेवटपर्यंत बसून होते, पण त्यांना बसल्या बसल्या कागदी रुमालांच्या घड्या घालायचं काम निघालं, आणि तेही सुटले. २००१ साली ऑर्लिन गेला. २००४ साली समितीने पूर्ण यश मिळवलं: स्वयंसेवक तीनशे तीस, प्रेक्षक एक. त्याच वर्षी व्हर्नाबाईंनीही घड्या घालायची तयारी दाखवली.

नेमकं त्याच आठवड्यात राज्याच्या एका कार्यालयाचं पत्र आलं होतं. ज्या थिएटरात दर आठवड्याला निदान एक माणूस तिकीट काढून बसतो ते 'चालू थिएटर'. जिथे कोणीच बसत नाही ती 'जुनी इमारत', आणि जुन्या इमारतीला कुलूप.

लावोनबाई पत्र हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, तुम्ही फक्त बसायचं."

"मला कंटाळा येतो गं एकटीला."

"एकट्या कुठे? आम्ही तीनशे तीस जण आहोत की."

"तुम्ही सगळे मागे उभे असता."

"तुमच्यासाठीच ना."

पुढची दहा वर्षं आमच्या गावाने प्रेक्षक-संवर्धनाचं जे काम केलं त्याला देशात तोड नसावी. बाईंच्या दारापुढचा बर्फ पहाटे पाचला काढला जाई, आणि कधी कधी पडायच्या आधीच माणसं फावडी घेऊन उभी असत. त्यांना शिंक आली तर विशेष बैठक होई. हिवाळ्यात दर दिवशी एक हॉटडिश दाराशी ठेवली जाई, घंटा न वाजवता; उगाच त्यांना उठायला लागू नये. बाईंनी मला एकदा विचारलं, "ही भांडी कोण ठेवतं रे? आत का येत नाही कोणी?" मी सांगितलं, तुम्हाला त्रास नको म्हणून. त्या म्हणाल्या, "फार काळजी घेता तुम्ही." मी हे वाक्य समितीला कळवलं. ते वहीत आभार म्हणून नोंदलं गेलं.

रविवारी दोन वाजता दोघे दार उघडत, चौघे तिकीट देत, अकरा बॅटऱ्या बाईंना त्यांच्या खुर्चीपर्यंत नेत. दिवे जात. तीनशे तीस माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहत आणि पडद्याकडे नाही, बाईंकडे पाहत. त्या हसल्या की समाधान वाटे. त्यांनी मान वळवून कोणाशी तरी बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं, की आम्हाला वाटे त्यांना कॉफी हवी आहे. सव्वीस जण धावत.

आता आमची दुसरी रीत सांगतो, कारण ही गोष्ट तिच्यावरच येऊन अडली. आमच्याकडे कोणी काही देऊ केलं तर दोनदा नाही म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं असतं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट. तिसऱ्यालाही नाही म्हणणारा उर्मट. हे दोघांनाही ठाऊक असतं, त्यामुळे काही अडत नाही. फक्त वेळ लागतो.

२०१३ च्या ऑक्टोबरात, खेळ सुरू व्हायच्या आधी मी सहाव्या रांगेजवळ उभा होतो. बाई म्हणाल्या, "एमिल, बस जरा."

"नको बाई, काम आहे."

"काय काम आहे?"

"उभं राहायचंय."

हे पहिलं.

फेब्रुवारीत, उणे तिशीतल्या एका रविवारी, त्या पुन्हा म्हणाल्या, "एमिल, बस की. ऑर्लिनची खुर्ची रिकामीच आहे."

"नको, बाई. तुमची अडचण होईल." (दुसऱ्या नकाराला हेच म्हणतात.)

"अडचण तू उभा आहेस त्याची होतेय." त्या पडद्याकडे पाहत होत्या. "अरे, तेरा वर्षं झाली. पडद्यावर कोणीतरी धडधडीत खोटं बोलत असतो, आणि मला ते कोणालाच सांगता येत नाही."

हे दुसरं. म्हणजे पुढच्या वेळी मी बसणार होतो. त्यांनाही ते ठाऊक होतं. मी घरी जाऊन शर्टाला इस्त्री केली आणि लावोनबाईंना फोन केला, अचानक बसून कोणाला धक्का नको म्हणून.

त्या म्हणाल्या, "बसणार म्हणजे?"

"खुर्चीवर. बाईंशेजारी. सिनेमा पाहायला."

"एमिल, तू बसलास तर तुझ्यामागे उद्या आणखी कोणी बसेल. परवा सगळेच बसतील."

"मग?"

"मग थिएटर चालवायचं कोणी?"

विषय मार्चच्या सभेवर ठेवला गेला. मी ठरवलं, सभा काहीही म्हणो, तिसऱ्यांदा विचारलं की बसायचं. पण तिसऱ्या विचारण्याआधी थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात, नाहीतर ते विनवणीसारखं दिसतं. बाई रीतीच्या पक्क्या. एक रविवार गेला, दुसरा गेला. मार्चच्या दोन तारखेला मी इस्त्रीचा शर्ट घालून सहाव्या रांगेपाशी उभा राहिलो. बाई आल्या, बसल्या. माझ्याकडे बघून हसल्या. मी वाट पाहिली. त्या काहीच बोलल्या नाहीत. सिनेमा संपेपर्यंत त्यांची पर्स मांडीवर उघडीच होती.

मी समजलो, त्यांनी बेत बदलला. तसं विचारणं शोभलं नसतं.

पुढच्या शनिवारी त्यांच्या अंत्यविधीला सगळा गाव आला होता. तीनशे एकोणतीस माणसं तळघरात सँडविच करत होती. वर चर्चमध्ये पाद्री शवपेटीशी बोलत होते. मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने लावोनबाई एप्रन लावूनच वर आल्या.

"बरं वाटत नाहीये का तुला?"

"बसलोय."

त्या उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "बाईंचं गेल्या रविवारी जरा बिनसलेलंच होतं, एमिल. डोक्यानं. आम्हाला कळलं होतं, पण बोललो नाही."

"काय झालं होतं?"

"दोन तिकिटं मागितली त्यांनी."

मी बाकावर थोडा सरकलो, शेजारी एक जागा झाली.

"त्या एकट्या, आणि दोन मागतायत. मग आम्ही एकच दिलं. चूक दाखवून कशाला लाजवायचं. त्यांनीही त्या एका तिकिटाकडे बघितलं, आणि 'थँक यू' म्हणून आत गेल्या. पुन्हा मागितलं नाही." लावोनबाईंनी एप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते. "चांगुलपणा बघ."

खाली कपबशा वाजत होत्या. मी बसून राहिलो.

सध्या परिस्थिती अशी आहे. प्रेक्षकाची जागा रिकामी आहे. ती भरली नाही तर वर्षअखेर कुलूप लागेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ताटलीतला शेवटचा तुकडा आमच्याकडे कोणी उचलत नाही. त्याचा अर्धा करतात, मग अर्ध्याचा अर्धा, आणि उरलेला कण ताटलीतच वाळतो. सहाव्या रांगेतल्या खुर्चीचं तेच झालं आहे. दर रविवारी सगळे एकमेकांना "तू बस", "नाही, तू बस" म्हणतात. दोन वाजतात. दिवे जातात. मी ऑर्लिनच्या खुर्चीसाठी अर्ज केला आहे. अक्षरं लावायला दुसरा माणूस मिळेपर्यंत तो स्थगित आहे. मीही अजून कोणाला तिसऱ्यांदा विचारलेलं नाही.

तुम्ही हे बहुधा बसून वाचत असाल. वाचताना मनात आलं असेल की एवढा मोठा गाव, एकाला बसता आलं नाही? आपण असतो तर बसलो असतो. आणि मग तुमच्या गावातलं थिएटर आठवलं असेल, ते बंद झाल्याचं तुम्हाला कोणीतरी सांगितलं तेव्हा किती वाईट वाटलं होतं, तेही आठवलं असेल. तसं असेल तर संकोच करू नका. दाराशी टेबलावर छापील अर्ज ठेवले आहेत. तीनशे तीस नावं आधीच आहेत. तुमचा क्रमांक तीनशे एकतीस. काम काहीतरी निघेलच.

व्हर्ना टोलेफ्सरुड ६ मार्च २०१४ रोजी, गुरुवारी सकाळी, आपल्या घरी वारल्या. त्या शहाऐंशी वर्षांच्या होत्या. दाराशी हॉटडिश होती.